पोळीखाली लपवलेलं अंडं

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून):

डोंबिवलीतल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी तिसरीत, खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. नवरा-बायको दोघंही नोकरीसाठी मुंबईला जातात, घरी सासूबाई असतात. दोन वर्षांपूर्वी शाळेने डब्यात वेफर्स, बिस्किटं, नूडल्स, केक नकोत असा नियम केला, तेव्हा पालकांच्या बैठकीत त्याच्या बाजूने सगळ्यात आधी या आईच बोलल्या होत्या. पुढच्या वर्षी वारानुसार डब्याचं वेळापत्रक आलं. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी पोहे किंवा उपमा, असं. या जूनच्या परिपत्रकात आणखी एक ओळ वाढली: डब्यात अंडं, मासे, मटण चालणार नाही. यांचं सासर अलिबागकडचं. मुलगी उसळींना नाक मुरडते, अंडं मात्र आवडीने खाते. एकदा भुर्जी-पोळीचा डबा उघडला तेव्हा वर्गशिक्षिकेने तो बंद करून दप्तरात ठेवायला लावला आणि डायरीत शेरा लिहिला. त्या दिवशी मुलगी मैत्रिणीच्या डब्यातले चार घास खाऊन राहिली. आता ती स्वतःच सांगते, "आई, वर पोळी ठेव, म्हणजे खालचं दिसणार नाही." नवरा म्हणतो, शाळेत जाऊन भांडू. सासूबाई म्हणतात, शाळेपुरतं नाही खाल्लं अंडं तर काय बिघडतं? त्यातच शाळेने कळवलंय की पुढच्या जूनपासून घरचा डबाच बंद, ठेकेदाराचं जेवण सगळ्यांना सक्तीचं, आणि त्यासाठी संमतीपत्रावर सही हवी. "पहिला नियम मीच उचलून धरला होता. आता कोणत्या तोंडाने विरोध करू? सही नाही केली तर मुलीला त्रास होईल का?" असं त्यांनी विचारलंय.

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात "कोणत्या तोंडाने" हे शब्द आहेत, म्हणून आधी त्याबद्दल. तुम्ही पाठिंबा दिला होता तो वेफर्सच्या पाकिटांवरच्या नियमाला. अंड्याबद्दल तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, ठेकेदाराच्या जेवणाबद्दलही नाही. पौष्टिक आहाराच्या नावाखाली एका पाठोपाठ एक असे वेगवेगळे निर्णय आले, म्हणून ते सगळे एकाच धाग्यातले वाटतात. ते तसे नाहीत. पहिल्याला हो म्हणणारी आई चौथ्याला नाही म्हणू शकते, आणि त्यात शब्द फिरवल्यासारखं काहीही नाही.

सरकारी नियम कुठपर्यंत जातात तेही बघू, कारण बैठकीत कुणीतरी "सरकारचाच नियम आहे" असं म्हणणार. महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जास्त मीठ, साखर आणि स्निग्धांश असलेले पदार्थ विकायला बंदी केली. चिप्स, थंड पेयं, पिझ्झा, बर्गर, केक वगैरे त्या यादीत होते. देशपातळीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे विनियम आहेत. त्यांच्यानुसार असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. दोन्ही ठिकाणी भर विक्रीवर आहे. आई घरून काय भरून पाठवते त्यावर हे नियम बोट ठेवत नाहीत. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं, तेही माहिती म्हणून, समजवायला. अंडं या कुठल्याच यादीत वाईट पदार्थ म्हणून येत नाही. तेव्हा तुमच्या शाळेचा जूनचा नियम शाळेचा स्वतःचा आहे आणि त्याचं उत्तर शाळेनेच द्यायचं आहे.

आता जरा अवघड भागाकडे येते. पाकिटांचा नियम मला पटतो. आठ वर्षांच्या मुलाला रोज मधल्या सुट्टीत क्रीमची बिस्किटं मिळू नयेत, आणि शेजारच्याकडे ती आहेत म्हणून आपल्यालाही हवीत हा हट्ट घरोघरी होऊ नये, यात शाळेची मदत झाली तर चांगलंच. पण तो नियम अमलात कसा आला, ते आठवून बघा. कुणीतरी रोज वर्गात फिरून झाकणं उघडून बघायला लागलं. नियम मोडला की शेरा मुलाच्या डायरीत, चाळीस मुलांसमोर. डबा तपासायची सवय तेव्हा लागली, आणि एकदा लागल्यावर ती कशाच्याही शोधात जाऊ शकते. आज ती तुमच्या भुर्जीपर्यंत आली. ज्या दिवशी ती दुसऱ्या कुणाच्या बिस्किटांपर्यंत गेली होती, त्या दिवशी त्या मुलाचं काय झालं असेल, हा विचार तुम्ही केला नसेल तर आता करा. पहाटे साडेपाचला घर सोडणारी आई असते, एकट्याने मुलं सांभाळणारा बाप असतो, आणि खासगी शाळांत शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेली मुलंही असतात, ज्यांच्या घरी सकाळी गॅस संपलेला असू शकतो. त्या डब्यातलं पाकीट हा निष्काळजीपणाच असतो असं धरून चालणं बरोबर नाही.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे की डब्याबद्दल शाळेने बोलायचं ते पालकांशी. आलेला डबा मुलाने खावा. शेरा लिहायचा असेल तर तो आईच्या फोनवर, शाळा सुटल्यावर. वेळापत्रक असेल तर ते सुचवण्यापुरतं. "सोमवारी पोळी-भाजी" छापल्याने ज्यांना रोज काय करू हा प्रश्न पडतो त्यांची सोय होते, हे मान्य. पण मंगळवारी पोह्यांऐवजी घावन नेलं म्हणून कुणाला उभं करायचं कारण नाही.

अंड्याकडे येऊ. शाळा याची जी कारणं देतात ती मला माहीत आहेत, कारण या सदराकडे अशी पत्रं येतात आणि बातम्यांतही तीच कारणं दिसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये नोएडातल्या एका खासगी शाळेने पालकांना कळवलं होतं की मांसाहारी डबा पाठवू नका. सकाळी शिजवलेलं दुपारपर्यंत खराब होतं, हे एक कारण. सगळ्या मुलांना एकत्र बसून जेवता यावं, हे दुसरं.

पहिलं कारण खरं आहे, पण अर्धंच. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये, हा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण सल्ला आहे. तो अंड्याला लागू होतो तसाच भाताला, पनीरला, नारळाच्या चटणीला आणि दह्यालाही लागू होतो. शिजवून तसाच ठेवलेला भात पोट बिघडवू शकतो, हे फार जणांना माहीत नसतं. मे-जूनच्या दमट हवेत सकाळी सहाला भरलेली बटाट्याची भाजी अकराला उघडताना आंबूस लागते, हा अनुभव प्रत्येक आईला आहे. मग नियम खराब होण्याबद्दलचा असेल तर तो सगळ्या डब्यांना हवा: गरम भरा, कोरडं भरा, वाफ जिरल्यावर झाकण लावा, दूध-दह्याचे पदार्थ उन्हाळ्यात टाळा. त्या नियमाने तुमची कोरडी भुर्जी किंवा उकडलेलं अंडं वेगळं काढता येत नाही. रश्शातले मासे मी स्वतः तिसरीतल्या मुलीला देणार नाही. सांडतात, काटे असतात, तासाभरात चव जाते. पण ते मी माझ्या अकलेने ठरवीन, कुणी मना केलं म्हणून नाही.

वासाचं कारणही पुढे येईल. बंद वर्गात सुक्या बोंबलाचा वास पसरतो, यात वाद नाही. मुळ्याच्या पराठ्याचाही पसरतो, कोबीचा पसरतो, लसणीच्या चटणीचा तर शेवटच्या बाकापर्यंत जातो. शाळेने सगळ्यांना सांगावं की उग्र वासाचं घरी खा. ते मी आनंदाने ऐकेन, आणि सुकट रविवारसाठी ठेवेन.

दुसरं कारण मात्र नीट ऐकून घ्यायला हवं. वर्गात जैन मुलं असतील, घरी कांदा-लसूणही न खाणारी असतील. त्यांच्या आयांना भीती वाटते की चमचा लागेल, हात लागेल, मूल चुकून खाईल. ही भीती खोटी नाही, ती त्यांच्या श्रद्धेची आहे आणि त्यांचाही मान राखायला हवा. पण त्यावरचा उपाय फार साधा आहे: न विचारता कुणाच्या डब्यात हात घालायचा नाही, स्वतःचाच चमचा वापरायचा, जेवून हात धुवायचे. तिसरीतली मुलं हे आठवड्याभरात शिकतात. शेजारी बसलेल्या मुलीने स्वतःच्या डब्यातलं अंडं खाल्लं, एवढ्याने कुणाच्या मुलाचा नेम मोडत नाही. आणि एकत्र जेवणं म्हणजे सगळ्यांच्या डब्यात एकच पदार्थ असणं, हे मला मान्य नाही. सरकारी शाळांतल्या पोषण आहारातच याचं उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं तेव्हा न खाणाऱ्या मुलांना केळं द्यायचं ठरलं. एकाच पंगतीत अंडं आणि केळं. पुढे विरोध झाला, जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी थांबला आणि शाळांना लोकसहभागातून सोय करायला सांगितलं गेलं. याचं मला फार वाईट वाटतं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि ज्या मुलांना ती घरी मिळत नाहीत त्यांना त्या पंगतीत मिळत होती.

कारण जिथे खरं असतं तिथे नियम कसा दिसतो, याचंही एक उदाहरण देते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २००६ पासून कायदा आहे की प्रत्येक शाळा मंडळाकडे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीसाठी धोरण असलंच पाहिजे. तिथल्या कितीतरी शाळांत शेंगदाणे आणू देत नाहीत. तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांना हे जड जातं, कारण आपल्या भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, साबुदाण्याच्या खिचडीत तर मूठभर. तरी ते मुकाट्याने कूट वगळतात, कारण वर्गातल्या एखाद्या मुलाचा श्वास बंद पडू शकतो. इजा कुणाला आणि कशी होते हे तिथे बोट ठेवून सांगता येतं, आणि नियम सगळ्या घरांना सारखा असतो. तुमच्या मुख्याध्यापिकांना अंड्याबद्दल हाच प्रश्न शांतपणे विचारा: यातून कोणत्या मुलाला काय इजा होते? उत्तर आलं तर ऐका. खरंच एखाद्या मुलाला अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, तर मीही म्हणेन की त्या वर्गापुरतं थांबा.

आता ती पोळी. तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ त्या वाक्यापाशी थांबले. आठ वर्षांची मुलगी अंडं सोडायला तयार नाही, पण ते झाकायला शिकली आहे. घरचं जेवण लोकांसमोर उघडायचं नसतं, हे तिच्या मनाने घेतलंय. पौष्टिक आहाराच्या नियमाने तिला आहाराबद्दल काही शिकवलं नाही, लपवायला शिकवलं. ती आज अंडं झाकते. उद्या आजीच्या हातचं कालवण झाकेल, परवा अलिबागचं घर. महाराष्ट्रात शाकाहारी माणसं साधारण चाळीस टक्के, असं केंद्र सरकारच्या २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत दिसलं होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांच्या स्वयंपाकघरात जे शिजतं ते या राज्यातल्या शाळेत झाकून न्यायची वेळ यावी, हे मला अजिबात बरोबर वाटत नाही.

आणि पोळीखाली अंडं झाकून देत राहू नका. तुम्ही ते तिच्या भल्यासाठी करत असाल, पण त्याने तिची समजूत पक्की होते, आणि पकडली गेली तर खोटेपणाचा शिक्का तिच्यावर बसेल. शाळेशी बोलणं पूर्ण होईपर्यंत डब्यात अंडं देऊ नका. घरी सकाळी दुधाबरोबर किंवा संध्याकाळी आल्यावर द्या. डब्यात बेसनाचं धिरडं, मुगाच्या डाळीचं घावन, पनीर किंवा चण्याची कोरडी भाजी भरून पोळीचा रोल, असं काही चालेल. उसळ आवडत नसेल तर तीच मटकी थालीपिठाच्या पिठात वाटून घाला, तिला कळणारही नाही. मात्र तिला कारण सांगा, आणि खरं सांगा: "अंडं चांगलंच आहे. शाळेचा एक नियम आहे, तो आम्हाला पटलेला नाही, म्हणून आम्ही मोठी माणसं मॅडमशी बोलतोय. तोपर्यंत आपण अंडं घरी खाऊ. तुला काही लपवायचं नाही." ही लढाई तिच्या डब्यातून लढू नका. नवऱ्यालाही तेच सांगा. उद्या मुद्दाम भुर्जी देऊन बघू काय करतात, असं तो म्हणाला तर त्याला थांबवा. भूक मुलीची मरते.

सासूबाईंचं म्हणणंही उडवून लावू नका. आपल्याकडे सोमवार-गुरुवार पाळणारी घरं आहेत, श्रावणात महिनाभर मासे बंद असतात, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. त्यांना ते तसंच वाटतंय, पाच दिवसांचा प्रश्न. फक्त एक फरक त्यांना समजावून सांगा. श्रावण आपण स्वतः पाळतो. इथे दुसरं कुणीतरी सांगतंय की तुमच्या ताटातलं शाळेत आणण्याच्या लायकीचं नाही. त्यांना हा फरक लगेच कळेल, अलिबागच्या माणसाला तर नक्कीच.

आता सक्तीच्या जेवणाबद्दल. इथे मी तुम्हाला थोडं थांबायला सांगणार आहे, कारण ही कल्पना मुळात वाईट नाही. गरम जेवण, सगळ्यांना सारखं, कुणाचा डबा भारी आणि कुणाचा फिका असा फरक नाही, आयांची सकाळची धावपळ कमी. देशभरातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत १९९५ पासून पोषण आहाराची योजना चालू आहे, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या असं बजावलं, आणि आपल्या कितीतरी पिढ्यांत पहिल्यांदा सगळ्या जातींची मुलं रोज एका पंगतीत जेवायला लागली. याचं मोल पैशात होत नाही. जपानमध्ये १९५४ पासून शाळेच्या जेवणाचा कायदा आहे आणि तिथल्या प्राथमिक शाळांत मुलं एकच जेवण वर्गात बसून जेवतात, वाढतातही स्वतःच. तेव्हा घरचा डबा हीच एकमेव पवित्र गोष्ट आहे, असं मी म्हणणार नाही. तुम्हीही तसं धरून बसू नका. नोकरी करणाऱ्या बाईला यातून सुटका मिळत असेल तर ती घेण्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

पण सक्ती झाली की शाळेची जबाबदारी कितीतरी पटीने वाढते, आणि संमतीपत्रात त्याबद्दल काय लिहिलंय ते तुम्ही कळवलेलं नाही. मला शंका आहे की फारसं काही लिहिलेलं नसेल. शिकागोतल्या एका सरकारी शाळेने वैद्यकीय कारण नसेल तर घरचा डबा बंद केला होता, मुलांनी पौष्टिक खावं म्हणून. वस्ती बहुतेक मेक्सिकन वंशाची, घरच्या चवी वेगळ्या. मुलं न आवडलेलं जेवण तसंच टाकून देत होती, असं तिथल्या वर्तमानपत्राने २०११ मध्ये लिहिलं. ताटात पौष्टिक असून उपयोग नाही, ते पोटात जायला हवं.

सही करण्याआधी विचारायच्या गोष्टी सांगते. महिन्याचा मेनू लेखी द्या. सरकारी पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरलेली आहेत. ठेकेदाराचं जेवण निदान तेवढं आहे का? रोज बटाटा, पुरी आणि पांढरा भात असेल तर तुमचा आत्ताचा डबा कितीतरी बरा. जेवण कुठे शिजतं, किती वाजता शिजतं, शाळेत किती वाजता पोचतं? ठेकेदाराकडे अन्नसुरक्षा परवाना आहे का? पालकांना न कळवता येऊन जेवून बघता येईल का? आजारी मुलाला, ॲलर्जी असलेल्याला, उपास असलेल्याला घरचा डबा आणता येईल का? आणि पैसे. महाराष्ट्रात शुल्क नियमनाचा कायदा २०११ चा आहे. त्यात प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असावी लागते, आणि शुल्काचा प्रस्ताव या समितीपुढे यावा लागतो. जेवणाचे पैसे सगळ्यांना सक्तीचे असतील तर ते समितीपुढे कधी आले, कुणी मान्य केले, इतिवृत्त कुठे आहे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पंचवीस टक्क्यांतल्या मुलांचे पैसे कोण भरणार, हेही त्याच बैठकीत विचारा. त्यांच्या आया विचारायला घाबरतील, तुम्ही विचारा.

मला स्वतःला विचाराल तर जेवण असावं, ऐच्छिक असावं. वर्षभर चालवून दाखवा. चांगलं असलं तर निम्मे डबे आपोआप बंद होतील. सक्ती करावी लागते, याचाच अर्थ अजून विश्वास बसलेला नाही.

मुलीला त्रास होईल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणं भाग आहे. होऊ शकतो, एखादा टोमणा, एखादा शेरा. पण एकट्या आईने वर्गाच्या दारात केलेल्या तक्रारीत तो धोका जास्त असतो, आणि सात-आठ पालकांनी सही करून दिलेल्या पत्रात खूप कमी. व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढू नका. तिथे दहा मिनिटांत शाकाहारी विरुद्ध मांसाहारी सुरू होईल आणि शाळा बाजूला राहील. एकेका आईला फोन करा. शाकाहारी घरातल्या एक-दोन आया बरोबर घ्याच. डबा तपासू नये हे त्यांनाही पटेल, कारण उद्या त्यांच्या मुलाचा चिवडा बाहेर काढला जाऊ शकतो. वर्गशिक्षिकेवर राग धरू नका, परिपत्रक तिने काढलेलं नाही. तिला वेगळं भेटून एवढंच सांगा: "डब्यात काही चुकलं तर मला फोन करा, पण तिला उपाशी ठेवू नका." बहुतेक शिक्षिका हे ऐकतात.

पत्र मुख्याध्यापिकांच्या नावाने, पोच घेऊन द्या. मजकूर असा काहीसा चालेल: "पाकीटबंद पदार्थांवरच्या नियमाला आमचा पाठिंबा होता आणि आहे. घरी शिजवलेल्या अन्नातल्या काही पदार्थांवर बंदी घालण्याचं कारण आम्हाला लेखी कळवावं. मुलांचे डबे वर्गात तपासले जाऊ नयेत आणि कोणत्याही कारणाने मुलाचं जेवण थांबवलं जाऊ नये. सक्तीच्या जेवणाचा प्रस्ताव कार्यकारी समितीपुढे ठेवावा. तोवर आम्ही संमतीपत्रावर सही करू शकत नाही." सही न करणं म्हणजे नकार देणं नाही, वेळ मागणं आहे, हे तोंडीही सांगा.

शाळा अडून बसली तर? शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. वर्गासमोर डबा बंद करून मुलाला उपाशी ठेवणं त्यात बसतं, असं माझं मत आहे. तसं पुन्हा झालं तर तारखेसह लिहून ठेवा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जा. उत्तर प्रदेशात अमरोह्याला सप्टेंबर २०२४ मध्ये डब्यात मांसाहार आणल्याचं सांगून शाळेने एका लहान मुलाला काढून टाकल्याचा आरोप झाला. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेलं, आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्या भावंडांना दुसऱ्या सीबीएसई शाळेत प्रवेश मिळवून द्यायला जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं. मुलांना प्रवेश मिळायची वाट झाली, पण त्यांचे मधले महिने गेले. म्हणून मी कोर्टाची वाट शेवटी ठेवते. तुमच्या शाळेत गोष्ट अजून बोलण्यासारखी आहे, आणि तुम्ही त्या बैठकीत आधी बोललेल्या आहात. "मॅडम, दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या बाजूने उभी राहिले होते" हे वाक्य तुमच्याइतकं वजनाने दुसरं कुणी म्हणू शकत नाही. त्याची लाज वाटून घेऊ नका, सुरुवातच त्याने करा.

हे सदर वाचणाऱ्या शिक्षिकांनाही एक विनंती. तुमच्यावर वरून नियम येतात, हे मला माहीत आहे. पण मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं मुलांना डब्याबद्दल मोकळेपणी बोलू द्या. कुणाच्या घरी काय करतात, कुणाची आजी कशी करते, हे मुलं एकमेकांना सांगतात तेव्हा "शी" म्हणणारं मूलही आपोआप चौकस होतं. आणि ज्या शाकाहारी घरातल्या आया मला उलट बाजूने लिहितात, त्यांना सांगेन की मुलाला "आपण खात नाही" असं शिकवा, "ते घाण असतं" असं शिकवू नका. पहिल्या वाक्याने तुमचा नेम पूर्ण पाळला जातो. दुसऱ्याने वर्गातल्या कुणाचं तरी घर दुखावतं.

बैठकीची तारीख ठरली की कळवा. संमतीपत्राची आणि जेवणाच्या दराच्या कागदाची प्रत, शाळेचं नाव झाकून, मला पाठवलीत तर बरं होईल. अशाच पेचात असलेल्या दुसऱ्या पालकांना कोणते प्रश्न विचारायचे ते त्यावरून नेमकं सांगता येईल.